गाडी किती मिनिटांनी येते?

थांब्यावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

१९८३ साली मी बेस्टमध्ये, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बस आणि वीज उपक्रमात, वाहक म्हणून लागलो. पुढे स्टार्टर, म्हणजे चौकीवरून गाड्या वेळेवर सोडणारा, झालो, शेवटची काही वर्षं वाहतूक निरीक्षक होतो. निवृत्तीला आता दहा वर्षं होतील, तरी थांब्यावर उभा राहिलो की नजर आधी घड्याळाकडे जाते आणि मग रस्त्याच्या वळणाकडे. १५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं, आणि तेव्हापासून या सदराकडे आलेली बहुतेक पत्रं बसबद्दलच आहेत. सगळी छापता येणार नाहीत. ज्यांत इतरांच्याही मनातलं आहे, ती घेतली.

मी कुर्ला पश्चिमेला राहते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कार्यालयात सफाईचं काम करते, साडेसातची हजेरी असते. पाचाचं तिकीट दहा झालं, ते जड गेलंच. पण त्याहून जड म्हणजे बस कधी येईल ते कळत नाही. आठवड्यातून दोनदा तरी शेअर रिक्षा करावी लागते. प्रचाराला आलेले उमेदवार म्हणाले, बस वाढवू. आता ते निवडून आलेत. त्यांना नेमकं विचारायचं काय?

ताई, "बस वाढवणार का" असं विचारू नका. त्याला "हो" एवढंच उत्तर मिळतं आणि तिथे बोलणं संपतं. "सकाळी सात ते दहा या वेळात आमच्या मार्गावर गाडी किती मिनिटांनी यायला हवी, आणि प्रत्यक्षात किती मिनिटांनी येते," असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

आता तो आकडा कसा बनतो ते सांगतो, म्हणजे समोरच्याने गोलमाल उत्तर दिलं तर तुमच्या लक्षात येईल. समजा एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन, दोन्ही टोकांची विश्रांती धरून, दीड तास लागतो. म्हणजे ९० मिनिटं. त्यावर ९ गाड्या लावल्या तर दर १० मिनिटांनी गाडी मिळते. पुढे त्याच रस्त्यावर खोदकाम निघालं, दोन्ही कडेला मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि फेरी सव्वादोन तासांची झाली. गाड्या ९ च आहेत, कोणी एकही कमी केलेली नाही, तरी तुमची वाट १५ मिनिटांवर गेली. आता त्यातल्या ३ गाड्या आगारातून बाहेरच पडल्या नाहीत असं धरा. झाली साडेबावीस मिनिटं.

आणि गाड्या अंतर राखून थोड्याच येतात? एक गाडी जरा मागे पडली की पुढच्या प्रत्येक थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. चढायला-उतरायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागची गाडी मोकळी धावते आणि तिला गाठते. मग पाऊण तास काहीच नाही आणि एकदम दोन गाड्या पाठोपाठ, हे जे तुम्ही रोज बघता ते असं घडतं. मी स्टार्टर असताना मागच्या गाडीला हात करून दोन-तीन मिनिटं रोखून धरायचो. आतले प्रवासी ओरडायचे, आणि त्यांचं ओरडणं बरोबरच होतं, कारण पुढच्या थांब्यावर उभ्या असलेल्या चाळीस माणसांचा हिशेब त्यांना दिसत नव्हता. तो बघायला एक माणूस चौकीत बसलेला असावा लागतो. आज गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. पण ती तिथे का अडकली आणि मागचीला थांबवायचं का, हे ठरवणारा माणूस रस्त्यावर हवाच.

तिकिटाचंही सांगतो. ९ जुलै २०१९ पासून साध्या गाडीचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं गेलं, वातानुकूलित गाडीचं ६ झालं. प्रवासी परत आले, कारण मुंबईत तेवढ्या पैशांत दुसरं काहीच मिळत नव्हतं. ९ मे २०२५ पासून हेच भाडं १० आणि १२ झालं. तुमच्या घराचा हिशेब मांडला तर येऊन-जाऊन रोज १० रुपये जास्त, महिन्याला साधारण अडीचशे. ते लहान नाहीत. तरीही माझं मत स्पष्ट लिहितो. आठ मिनिटांनी हमखास येणारी गाडी १० रुपयांत स्वस्त आहे, आणि पाऊण तासाने येणारी गाडी ५ रुपयांतही महाग आहे, कारण तिच्यामुळे होणारा रिक्षाचा खर्च आणि कापला जाणारा खाडा तिकिटावर छापलेला नसतो.

मला भाडेवाढीपेक्षा ती झाली कशी, हे जास्त लागलं. भाडं बदलायचं तर प्रस्ताव बेस्ट समितीपुढे जातो, तिथून महापालिकेच्या सभागृहात आणि मग मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाकडे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे २०२५ ची वाढ मंजूर झाली तेव्हा ना समिती होती, ना सभागृह. २२७ प्रभागांपैकी एकाही प्रभागातून कोणी उभं राहून "आमच्या थांब्यावर काय होईल" असं विचारू शकलं नाही. माझ्या काळात समितीचे सदस्य कधीकधी फार त्रास द्यायचे, अमुक ठिकाणी थांबा हवाच म्हणून हटून बसायचे. पण त्यातले बरेच जण सकाळी स्वतः थांब्यावरच्या लोकांच्या शिव्या खाऊन आलेले असत.

आणि गाड्यांचा आकडा. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या, आता तीन हजारांहून कमी आहेत. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांनी नऊ दिवस संप केला, त्याच वर्षी जूनमध्ये प्रशासन आणि संघटना यांच्यात करार झाला. बेस्टने स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या राखायच्या, असं त्यात लिहिलं आहे. आज स्वमालकीच्या गाड्या काही शेकडाच उरल्या आहेत. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या, ठेकेदारांच्या. एखादा ठेकेदार परवडत नाही म्हणून बाजूला झाला की त्याच्या शेकडो गाड्या एकदम रस्त्यावरून जातात, आणि नव्या मागवलेल्या गाड्या काही दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

तेव्हा ताई, नगरसेवकांकडे लेखी मागा : आमच्या मार्गावर सकाळी किती गाड्या लावलेल्या आहेत, गेल्या महिन्यात रोज किती निघाल्या, न निघालेल्या का निघाल्या नाहीत. सोबत तुमच्या थांब्यावरच्या आठ दिवसांच्या नोंदी जोडा, गाडी आलेली वेळ आणि तिच्या पाट्या. वहीत पेन्सिलीने लिहिलेलं चालतं. पाच-सहा बायकांनी मिळून केलं तर फारच चांगलं, म्हणजे कोणा एकीची हजेरी चुकली तरी वही चालू राहील. नगरसेवकांनी आकडे दिले नाहीत तर माहितीच्या अधिकारात तोच अर्ज करा. प्रश्न बदलू नका.

आमचं घर परळला आहे आणि विजेचं बिल बेस्टचं येतं. आजोबा सांगतात की पूर्वी विजेच्या पैशांवर बस चालायच्या. मग आता बेस्ट तोट्यात का? मी अकरावीत आहे, महाविद्यालयात यावर बोलायचं आहे.

आजोबा बरोबर सांगतात. बस, ट्राम आणि वीज मुंबईत एकाच घरात वाढली. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५ मध्ये वीज आणि ट्राम मिळून कंपनी झाली, आणि ७ मे १९०७ ला विजेवरची ट्राम धावली. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ची, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने हा सगळा कारभार ताब्यात घेतला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. मी वाहक झालो तेव्हा तिच्यावर काम केलेली माणसं अजून नोकरीत होती आणि तिच्याबद्दल घरातलं कोणी गेल्यासारखं बोलायची.

बेस्टची वीज मात्र फक्त शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. उपनगरांत वीज दुसऱ्या कंपन्यांची, पण बस बेस्टची. त्यामुळे गिरगावातल्या दिव्याच्या पैशांतून गोराईची बस चालायची. कित्येक वर्षं कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. २००३ चा वीज कायदा आला, दर ठरवण्याचं काम नियामक आयोगाकडे होतं, आणि बसची तूट विजेच्या ग्राहकाने का भरावी हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. काही काळ तो आकार बिलात वेगळा दिसायचा, मग तोही काढला गेला. वीजग्राहकाची बाजू चुकीची नव्हती. पण बसखालचा टेकू काढताना दुसरा टेकू कोणी लावला नाही.

तुझ्या भाषणासाठी एक मुद्दा देतो. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात बेस्टला मदत म्हणून १,००० कोटी. भागाकार तू कर. रस्ता बांधला तर त्याला कोणी तोटा म्हणत नाही, दिव्याचा खांब लावला तर म्हणत नाही. त्याच रस्त्यावरून त्याच दिव्याखालून साठ माणसं घेऊन गाडी गेली की तिच्या वहीत मात्र तोटा लिहितात. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, ही २०१९ च्या संपातली मुख्य मागणी होती. ती कर्मचाऱ्यांच्या पगाराची मागणी म्हणून ऐकली गेली. ती तुझ्या कॉलेजच्या बसची मागणी होती, हे आम्हाला नीट समजावून सांगता आलं नाही याची खंत मला आहे.

ऑगस्ट २०२५ मधल्या बेस्ट पतपेढीच्या निवडणुकीची एवढी चर्चा का झाली? ती तर कर्ज देणारी संस्था.

कारण दोन्ही ठाकरे बंधूंच्या पक्षांचं एकत्र पॅनल तिथे पहिल्यांदा उतरलं होतं, आणि महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. २१ जागांपैकी त्यांना एकही मिळाली नाही. कामगार नेते शशांक राव यांच्या पॅनलला १४ मिळाल्या, उरलेल्या ७ भाजपचे प्रसाद लाड यांच्या पॅनलकडे गेल्या. लालबाग-परळ-शिवडीतल्या मराठी घरांत बेस्टचा एक तरी माणूस असायचाच, म्हणून पक्षांना या मतांत शहराची नाडी दिसते.

त्या आठवड्यात मी सगळी वर्तमानपत्रं वाचली. कोण जिंकलं, कोण हरलं, कोणाचं नाक कापलं गेलं. कायम कर्मचारी दरवर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी भरती नाही, म्हणजे पतपेढीचे सभासदच आटत चालले आहेत, याबद्दल मला फारसं काही वाचायला मिळालं नाही.

मी वरळीला राहतो. कोस्टल रोडमुळे नरिमन पॉइंटचं कार्यालय पंधरा मिनिटांवर आलं. आता काही लोक तिथे आणि इतर रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका मागत आहेत. आधीच रस्ते अरुंद आहेत, त्यात एक मार्गिका गेली तर कोंडी वाढणार नाही का?

तुमचा वेळ वाचला, त्याचा आनंद आहे. मीही त्या रस्त्याने गेलो आहे, बोगद्यातून बाहेर आल्यावर डोळ्यांसमोर समुद्र येतो तेव्हा मन भरून येतं. पण त्या १०.५८ किलोमीटरसाठी सुमारे १४ हजार कोटी लागले, आणि ते महापालिकेने, म्हणजे कुर्ल्याच्या ताईंनीही, भरले आहेत. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला तिथून जायचं तर बसच आहे. मूळ आराखड्यात दोन्ही दिशांना एकेक मार्गिका बससाठी धरलेली होती. तेव्हा ही मागणी नवी नाही, दिलेला शब्द आठवून देणारी आहे.

तरीही, मला विचाराल तर पहिली मार्गिका मी कोस्टल रोडवर मागणार नाही. तिथे बस अडकत नाही. शिवाय अमरसन्स, हाजीअली आणि वरळी हे चढ-उताराचे तीन मार्ग सोडले तर मध्ये उतरून जायचं कुठे? माणसं राहतात ती आतल्या बाजूला. मार्गिका हवी लाल बहादूर शास्त्री मार्गावर, स्वामी विवेकानंद रस्त्यावर, डॉ. आंबेडकर रस्त्यावर. कुर्ल्याहून घाटकोपरकडे संध्याकाळी सातला एकदा बसने जाऊन बघा. मी उपरोधाने म्हणत नाही, खरोखर जाऊन बघा, सोबत हवी असेल तर मी येतो.

कोंडीबद्दल. एका मार्गावर फेरीला दोन तास लागतात आणि १२ गाड्या लावून १० मिनिटांचं अंतर राखलं आहे असं धरा. मार्गिका मोकळी मिळून फेरी दीड तासावर आली, तर तेच अंतर ९ गाड्यांत राखता येतं. तीन गाड्या, त्यांचे चालक-वाहक, रोजची वीज किंवा इंधन, सगळं मोकळं झालं, एक पैसा खर्च न करता. त्या तीन गाड्या जिथे वाट पाऊण तासाची आहे तिथे लावता येतील. बसमधली चौथा हिस्सा माणसं जरी उद्या कंटाळून दुचाकी घेऊ लागली, तर तुमच्या पुढे किती वाहनं वाढतील, याचा विचार करा. वांद्र्याच्या सिग्नलवर तुम्ही आणि ती बस एकाच बाजूचे आहात.

अंमलबजावणीची भीती तुम्ही पत्रात पुढे लिहिली आहे, ती मात्र रास्त आहे. रंगाचा पट्टा ओढून मार्गिका होत नाही. तिथे उभी केलेली पहिली मोटार पाच मिनिटांत उचलली गेली नाही तर सहाव्या मिनिटाला तिच्यामागे दहा उभ्या राहतात. वाहतूक पोलीस, महापालिका आणि बेस्ट यांचा एकच माणूस जबाबदार असल्याशिवाय मी मार्गिकेचं उद्घाटन करू देणार नाही.

डबल डेकर का बंद केल्या? माझ्या नातवाला दाखवायची राहून गेली.

१९३७ मध्ये आलेली ती गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. गाड्यांचं वय झालं होतं, आणि तिला दोन वाहक लागत, एक खाली, एक वर. एका वाहकाचा पगार वाचवायचा म्हणून नव्या घेतल्या गेल्या नाहीत. नव्वद माणसं नेणाऱ्या गाडीत दुसरा वाहक महाग कसा, हे मला कधी पटलं नाही. विजेवरच्या वातानुकूलित डबल डेकर फेब्रुवारी २०२३ पासून धावतात, नातवाला त्यात न्या. वरची पुढची खिडकी उघडत नाही एवढंच. पावसाळ्यात त्या खिडकीतून गुलमोहराच्या ओल्या फांद्या आत यायच्या, वाहकाच्या खांद्यावर पाणी पडायचं. जुन्या गाड्या बघायच्या असतील तर आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे.

मी गिरगावातली निवृत्त शिक्षिका, वय ७४. घराजवळ मेट्रोचं स्थानक झालं, सगळे म्हणतात आता बसची गरज काय. मला गुडघ्यांमुळे एवढं चालवत नाही. मी जुन्या काळाला धरून बसले आहे का?

बाई, अजिबात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झालेली ही मेट्रो चांगलीच आहे. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, तिकीट १० ते ७० रुपये. गिरगावातल्या मुलीला सीप्झला नोकरीला जायचं तर तिच्यासारखं दुसरं साधन नाही. पण तुम्हाला सीप्झला जायचंच नाही. तुम्हाला ठाकूरद्वारहून नायर रुग्णालयात तपासणीला जायचं आहे, भाजी घेऊन परत यायचं आहे. दोन थांब्यांमधलं अंतर एका श्वासात चालता येतं, दोन स्थानकांमधलं येत नाही. आणि स्थानकात उद्वाहक, म्हणजे लिफ्ट, असला तरी रस्ता ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचावं लागतंच.

मेट्रो आली की त्या रस्त्यावरची बस कमी करायची, हा विचार कागदावर शहाणा वाटतो. गाड्या वाचतात. पण वाचलेल्या गाड्या गेल्या कुठे, हे विचारायला हवं. त्या स्थानकाला जोडणाऱ्या छोट्या फेऱ्यांवर लावल्या असतील तर मी गप्प बसेन. तुमच्या गल्लीतल्या ज्येष्ठांची नावं आणि कोणत्या वारी कुठे जाता एवढं लिहून प्रभाग कार्यालयात द्या. बसचं वेळापत्रक ऑफिसला जाणाऱ्यांच्या वेळेवर बेतलेलं असतं, दुपारी अकरा ते चार कोण प्रवास करतं याची नोंद सहसा कोणी देतच नाही.

माझे यजमान ठेकेदाराच्या बसवर चालक आहेत. बस लाल, तिच्यावर बेस्टचं नाव, पण पगार ठेकेदार देतो, कधी वेळेवर, कधी नाही. कुर्ल्याच्या अपघातानंतर लोक त्यांना चढता-उतरता वाटेल ते बोलतात. आमचा मुलगा दुसरीत आहे. शाळेत बाबांच्या कामावर पाच ओळी लिहायच्या आहेत. त्याने विचारलं, बाबा बेस्टमध्येच आहेत ना? मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू?

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर लिहायला मला वेळ हवा होता.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात, बर्वे मार्गावर, विजेवरची गाडी गर्दीत घुसली. नऊ जणांचा जीव गेला. ते कुटुंबं कधी विसरणार नाहीत आणि आपणही विसरू नये. ती गाडी भाडेतत्त्वावरची होती. विजेवरच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, पाय दाबला की ती एकदम उचलते. वर्षानुवर्षं साधी गाडी चालवलेल्या पायाला ही सवय नव्याने लावावी लागते. त्या चालकाला हे शिकवायला किती दिवस दिले होते, हा प्रश्न तपासात पुढे आला. चूक कोणाची ते न्यायालय ठरवील. पण त्या रात्रीनंतर प्रत्येक ठेकेदाराच्या चालकाकडे गुन्हेगारासारखं बघणं हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आम्ही, बेस्टच्या जुन्या माणसांनीसुद्धा, केला आहे. चहाच्या टपरीवर "आमच्या वेळी असं नव्हतं" असं मीही म्हणालो आहे.

आमच्या वेळी काय होतं ते सांगतो. दिंडोशीच्या प्रशिक्षण केंद्रात चालक तयार व्हायचा. नव्या मार्गावर गेला की शेजारी जुना माणूस असायचा. आजारी पडला तर रजा होती, पगार ठरल्या तारखेला व्हायचा. त्यामुळे रात्रपाळी संपवून तो थेट झोपायला जायचा, दुसऱ्या गाडीवर जात नसे. भाडेतत्त्वाच्या पद्धतीत गाडी, चालक आणि देखभाल ठेकेदाराची, वाहक बेस्टचा, आणि ठेकेदाराला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरवर. किलोमीटरचा दर ठरवताना कमीत कमी बोली लावणारा जिंकतो. मग ती कमी केलेली रक्कम कुठून तरी निघते, आणि ती निघायला सगळ्यांत सोपी जागा म्हणजे चालकाचा पगार आणि त्याचे शिकण्याचे दिवस. ऑगस्ट २०२३ मध्ये या चालकांनी काम बंद केलं तेव्हा त्यांची मागणी पगारवाढीचीच होती. काही दिवस शहराचे हाल झाले, मग सगळे विसरले.

तुमच्या यजमानांच्या पगाराबद्दल : पगाराच्या तारखा, खात्यात जमा झालेली रक्कम आणि भविष्य निर्वाह निधी कापला असेल तर त्याचा भरणा, हे सगळं एका वहीत ठेवा. बेस्ट ही मुख्य मालक आहे, आणि ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मुख्य मालकाची जबाबदारी कायद्याने येते. एकट्याने तक्रार करू नका, त्याच आगारातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. नव्या नगरसेवकांपैकी जे बेस्ट समितीवर जातील, त्यांच्याकडे माझी स्वतःची एक मागणी आहे आणि ती मी लेखी पाठवणार आहे. पुढच्या प्रत्येक कंत्राटात चालकाचं वेतन आणि प्रशिक्षणाचे दिवस बोलीबाहेर ठेवा, म्हणजे त्यावर कोणाला कपात करता येणार नाही.

आता मुलाचं. उद्या पहाटे तुमचे यजमान आगारातून गाडी काढतील. पहिल्या थांब्यावर एखादी आजी हात दाखवील. ती गाडीची मालकी विचारणार नाही, नंबर बघेल आणि लांबूनच म्हणेल, बेस्ट आली. ते गाडी थांब्याला लावतील, आजीचा दुसरा पाय वर येईपर्यंत थांबतील, वाहक घंटी देईल आणि मग निघतील. मी तेहतीस वर्षं जे काम जवळून पाहिलं ते हेच.

मुलाला सांगा, हो, बाबा बेस्टमध्ये आहेत. पाच ओळींतली पहिली ओळ तीच लिहू दे. आणि बाईंनी काही विचारलं तर हे पान त्याच्या दप्तरात ठेवा.